परदेशात माणूस बेपत्ता झाला तर घरच्यांनी नेमकं कुठे जायचं?

खाडीकाठची | रविवार, रात्री १०:५०

माझा धाकटा भाऊ चौदा महिन्यांपासून बेपत्ता आहे. माहेर ऐरोलीला. तिथे आई, भावजय आणि साडेचार वर्षांची भाची आहेत. मी कळव्याला असते, पण गेले वर्षभर निम्मा मुक्काम ऐरोलीतच.

भाऊ महाप्याला एमआयडीसीत एका कॉल सेंटरमध्ये होता. २०२४ च्या पावसाळ्यात नोकरी गेली. घराचा हप्ता चालू, मुलीची शाळा सुरू व्हायची. दिवाळीनंतर कोपरखैरण्यातल्या एका एजंटाने बँकॉकला डेटा एन्ट्रीचं काम सांगितलं. राहणं-जेवण कंपनीचं, पगार इथल्या दुप्पट. ऐंशी हजार घेतले, दोन वेळा यूपीआयने. त्या वर्षी जुलैपासून थायलंडने भारतीयांना साठ दिवस विनाव्हिसा प्रवेश सुरू केला होता, त्यामुळे व्हिसाचाही कागद नाही. विमानतळावरचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी त्याने लोकेशन पाठवलं ते बँकॉकचं नव्हतंच, माए सोतचं होतं. नकाशात पाहिलं तर गाव थेट म्यानमारच्या सीमेवर, मधे मोएई नदी आणि पलीकडे म्यावड्डी. तेव्हा आम्हाला या नावांचा अर्थ माहीत नव्हता. नंतर कळलं की त्या बाजूला ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने आहेत, पासपोर्ट काढून घेतात, दिवसाचे चौदा-सोळा तास बसवून अनोळखी लोकांना फसवायला लावतात.

अकरा दिवस रात्री उशिरा दोन-तीन मिनिटांचे फोन आले. शेवटचा चाळीस सेकंदांचा. म्हणाला, "ताई, आईला सांग मी कामात आहे." त्यानंतर फोन बंद.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा उत्तर मिळालं की माणूस तिकडे हरवला, तर तक्रार इकडे कशी घेणार. दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा आईला घेऊन गेले आणि ती बाकावर बसून राहिली, तेव्हा मिसिंगची नोंद झाली. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली, तिचा क्रमांक मिळाला, उत्तर आलं की स्थानिक यंत्रणेला पत्र गेलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानाने माए सोतहून आधी २८३ आणि लगेच दुसऱ्या दिवशी २६६ जणांना परत आणलं. ते दोन दिवस आम्ही टीव्हीसमोरून उठलो नाही. विमानातून उतरणारा प्रत्येक मुलगा आईला तोच वाटत होता. नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमानं आली. त्यातही नाही.

आणि इथे रोजचं वेगळंच. बँकेत त्याच्या खात्याबद्दल विचारलं तर म्हणतात, मृत्यूचा दाखला आणा. कसा आणू? तो गेलाय असं कोण म्हणतंय? विम्याच्या ऑफिसात तेच. बालवाडीच्या अर्जावर वडिलांची सही हवी होती, तिथे भावजयीने काय लिहावं हे तिला सुचेना आणि ती अर्ज तसाच घेऊन घरी आली. माणूस वारला तर एक कागद मिळतो. तुरुंगात असला तरी मिळतो. तो कुठे आहे हेच माहीत नसेल तर कुठल्याच खिडकीवर तुमच्या नावाची रांग नसते.

ज्यांच्या घरात असं काही घडलंय, किंवा जे या खात्यांत काम करतात, त्यांनी कृपा करून लिहा. सरकार काय करू शकतं, काय करू शकत नाही, आम्ही काय करायचं राहिलंय. एजंटाचं नाव इथे लिहीत नाहीये.

दिव्याची_वाट | रविवार, रात्री ११:२०

ताई, वाचून हात थरथरले. माहिती माझ्याकडे काही नाही. धागा वर राहावा म्हणून लिहिते आहे.

फौजदार_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:४०

खाडीकाठची ताई, तीस वर्षं खात्यात काढली, शेवटची काही ठाणे शहरात. स्पष्ट लिहितो.

मिसिंगची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. सज्ञान माणूस निघून गेला तर तो गुन्हा होत नाही, म्हणून त्या नोंदीवर तपास फारसा पुढे सरकत नाही. तुम्हाला दोन वेगळे कागद हवेत. एक मिसिंग, तो झाला. दुसरा, एजंटाविरुद्ध फसवणुकीचा आणि मानवी तस्करीचा गुन्हा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि तस्करीला १४३. शिवाय १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला परदेशी नोकरीसाठी भरती करताच येत नाही. तो एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं, आजच पाहा आणि त्या पानाची प्रिंट काढून ठेवा.

हद्दीचं कारण कोणी पुन्हा दिलं तर शांतपणे सांगा: पैसे कोपरखैरण्यात घेतले, थाप कोपरखैरण्यात मारली, गुन्हा तिथेच घडला. परदेशात आहे तो माणूस, गुन्हा नाही. आणि हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. गुन्हा दाखल झाला की पोलिसांना एजंटाची बँक खाती, त्याचे कॉल, त्याने आणखी कोणाला पाठवलं हे सगळं काढता येतं. असा एजंट कधी एकट्याला पाठवत नाही. तुमच्या भावाबरोबर त्याच आठवड्यात आणखी कोण गेलं हे कळलं तर अर्धी वाट सापडते.

दुसरी गोष्ट यलो नोटीस. इंटरपोलची, बेपत्ता माणसांसाठी असते, १९६ सदस्य देशांपर्यंत जाते. घरच्यांना थेट मागता येत नाही. पोलीस ठाण्याने आयुक्तालयामार्फत पाठवायची, पुढे सीबीआय, कारण इंटरपोलचं भारतातलं काम तेच पाहतात. २०२५ च्या जानेवारीपासून भारतपोल हे पोर्टल झाल्याने हा कागद पूर्वीसारखा टपालात अडकत नाही. पण मागायचं तुम्हाला. लेखी. पोच घ्या. माझ्या काळात कितीतरी ठाण्यांत ही नोटीस आपणही मागू शकतो हेच कोणाला माहीत नसायचं, हे कबूल करतो.

आणि त्याचा इथला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. न वापरलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. त्याला हाच एक नंबर पाठ असेल.

खाडीकाठची | सोमवार, सकाळी ७:१५

काका, एक विचारते. फसवणुकीचा गुन्हा मी मुद्दाम दाखल केला नव्हता. तिकडे तो स्वतःच लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपलेला असेल, तर तक्रारीमुळे तोच आरोपी होईल, अशी भीती आईने घातली. वर्षभर आम्ही यावर घरात बोललोसुद्धा नाही.

फौजदार_निवृत्त | सोमवार, सकाळी ७:५०

ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे. परत आलेल्या मुलांची चौकशी होते, हे खरं. पण जबरदस्तीने बसवलेला आणि मजेने बसलेला यांत फरक करायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा तुमच्याकडे आहे. त्याचे मेसेज, तुटक फोन, पासपोर्ट काढून घेतल्याचा उल्लेख असेल तर तो. आज दाखल केलेली तक्रार उद्या त्याच्याच बाजूने उभी राहील. घरचे आधीपासून ओरडत होते हे रेकॉर्डवर असेल. गप्प राहिलात तर काहीच नसेल.

मुंब्रेकर | सोमवार, दुपारी १:३०

ताई, आमच्या कौशात असं घर नाही ज्यातलं कोणी आखातात नाही. माझे सख्खे मामू २०११ मध्ये सौदीत, दम्मामला, पाच महिने बेपत्ता होते. ड्रायव्हरच्या कामावर गेले, कफीलशी, म्हणजे तिथल्या मालकाशी, पगारावरून वाजलं, फोन बंद. नानीने जेवण सोडलं.

पुढे कळलं की कफीलने त्यांच्यावर हुरूब लावला होता. म्हणजे कामावरून पळाला अशी सरकारदरबारी नोंद. तेव्हा ती झाली की इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द, रस्त्यात पकडलं की थेट डिपोर्टेशनच्या कोठडीत. मामू तिथेच होते. आम्हाला वाटायचं, भारतीय माणूस पकडला की दूतावासाला कळतंच. तसं नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये लिहिलंय की पकडलेल्या माणसाने मागणी केली तर त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवावं. ज्याला स्वतःच्या हक्काची माहिती नाही, भाषा येत नाही, तो मागणार कसा? मामूंना त्यांनी विचारलं असेलही, ते अरबीत.

शोधलं कोणी? दापोलीकडचा एक माणूस होता, पंचवीस वर्षं तिथे टेलरचं दुकान. जुम्म्याला दूतावासाच्या लोकांबरोबर कोठड्यांमध्ये जायचा, नावं लिहून आणायचा. आम्ही दूतावासाला दिलेलं नाव आणि तिकडच्या रजिस्टरमधलं नाव जुळतच नव्हतं, कारण अरबीत लिहून पुन्हा इंग्रजीत आलं की नावाचं काय होईल सांगता येत नाही. बापाचं नाव, आजोबांचं नाव, सगळं एकात एक. शेवटी पासपोर्ट नंबरवरून सापडले. म्हणून प्रत्येक पत्रात, प्रत्येक मेलमध्ये पासपोर्ट नंबर पहिल्या ओळीत लिहा. आखातात असेल तर इकामा नंबरसुद्धा.

येण्याचं तिकीट भारतीय समुदाय कल्याण निधीतून झालं. हा निधी २००९ पासून आहे, दूतावासांकडे असतो. अडकलेल्या माणसाची राहायची सोय, औषधपाणी, वकील, तिकीट, मय्यत पाठवणं, एवढं त्यातून होतं. पण हे सगळं माणूस सापडल्यावर. शोधायला पैसा त्यात नाही.

तुमच्या बाबतीत थायलंड आणि म्यानमार दोन्ही दूतावासांच्या नावाने वेगवेगळी तक्रार टाकली आहे का? एकच टाकली असेल तर दुसरी आज टाका. तो नदीच्या कुठल्या काठावर आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

खाडीकाठची | सोमवार, दुपारी २:०५

फक्त बँकॉकची टाकली होती. कोणी सांगितलंच नाही. आत्ता ऑफिसमधूनच दुसरी भरते आहे.

घणसोलीकर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

ताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. या टोळ्यांबद्दल सरकार दोन-तीन वर्षं इशारे देतंय. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करायची, कंपनीचा पत्ता तपासायचा नाही, आणि मग दूतावासाने शोधावं. दूतावासाला दुसऱ्याच्या देशात पोलिसाचे अधिकार नसतात. ते विनंती करू शकतात, एवढंच. म्यावड्डीच्या आसपास तर म्यानमारच्या सरकारचाच हुकूम पुरता चालत नाही, सशस्त्र गटांचा चालतो. तिथे आपल्या पत्राने काय होणार? अपेक्षा कुठवर ठेवायची हेही कोणीतरी सांगायला हवं.

खाडीकाठची | सोमवार, रात्री १०:३०

दादा, अधिकारांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि ते मला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सहा महिने मी समजत होते की दूतावासाची माणसं त्याला शोधायला बाहेर पडली आहेत. ती पत्र लिहितात, विचारतात, पुन्हा विचारतात. हे आधी माहीत असतं तर मीही दर पंधरा दिवसांनी विचारलं असतं, वाट बघत बसले नसते.

पण तपासायचं नाही, असं नव्हतं हो. त्याने तपासलं होतं. कंपनीचं संकेतस्थळ होतं, व्हिडिओवर मुलाखत झाली, नेमणुकीचं पत्र आलं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी जी सरकारी तपासणी आहे ती दहावी न झालेल्यांसाठी. त्यांच्या पासपोर्टवर तशी नोंद असते, आणि आखातातल्या देशांपासून मलेशिया-थायलंडपर्यंतच्या यादीतल्या देशांत कामाला जाताना त्यांना उत्प्रवास कार्यालयाची मंजुरी लागते. करार तपासला जातो, ई-मायग्रेटवर मालकाचं नाव चढतं, प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. माझा भाऊ बीकॉम. त्याला यातलं काहीच लागू नाही. शिकलेला माणूस स्वतःचं बघेल असं कायद्याने धरलेलं आहे. या टोळ्यांना इंग्रजी टाइप करणारेच लागतात, म्हणजे नेमके जे या चाळणीतून जातच नाहीत ते. दहावी न झालेला गवंडी म्हणून गेला असता तर आज त्याच्या मालकाचं नाव सरकारकडे असतं. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा डोक्यात हेच फिरतं.

घणसोलीकर | सोमवार, रात्री ११:१५

ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. माझा सूर चुकला, ताई, माफ करा. एक आकडा मी जपून ठेवला होता, तो तुमच्या पत्रांत उपयोगी पडेल. इमिग्रेशनच्या नोंदींप्रमाणे जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात कंबोडिया, थायलंड, म्यानमार, व्हिएतनामला पर्यटक व्हिसावर गेलेल्या ७३,१३८ भारतीयांपैकी २९,४६६ परतले नव्हते. त्यात महाराष्ट्रातले तीन हजारांच्या वर. सगळेच अडकलेले नसतील, पण तुमचा भाऊ एकटा नाही, हे खासदारांना लिहिताना सांगा. मी आयटीत भरतीचं काम करतो. ते नेमणुकीचं पत्र नाव झाकून पाठवलंत तर तशीच पत्रं आणखी कोणाला गेली आहेत का, हे आमच्या ग्रुपांवर विचारतो.

दर्यावर | मंगळवार, पहाटे ३:२०

सध्या जहाजावर आहे, नेट आलं म्हणून लिहितो. राहायला नेरुळ. हा धागा कोणी दर्यावर्दीच्या घरचे वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

जहाजावरून माणूस बेपत्ता होणं हा आमच्यातला सगळ्यात वाईट फोन. माझ्या एका जहाजावरचा फिटर पहाटेच्या हजेरीला नव्हता. केबिनमध्ये चपला, चहाचा कप. जहाज वळवून आलेल्या वाटेने मागे नेलं, दीड दिवस शोधलं, त्या भागातल्या बचाव केंद्राने आजूबाजूच्या जहाजांना संदेश दिले. नाही मिळाला. त्याच्या घरी काय सांगायचं यावर मेसमध्ये कोणी बोललं नाही.

फरक हा की खलाशाचा कागद असतो. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, इंडोस म्हणजे त्याचा सरकारी नोंदणी नंबर, भरती करणारी कंपनी परवानाधारक असेल तर तिची जबाबदारी. घरच्यांनी कंपनीबरोबरच कांजूरमार्गला नौवहन महासंचालनालयात लेखी कळवायचं, ठाण्याहून चौथं स्टेशन, आणि युनियनला. जहाजावर परदेशी झेंडा असेल तर अपघाताची चौकशी त्या झेंड्याचा देश करतो, म्हणून त्या चौकशीचा अहवाल मागायचा हे पहिल्याच पत्रात लिहा. आणि व्हीडीआर, म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स, त्यातली नोंद जपून ठेवा असं त्याच दिवशी मेलने सांगा. ठरावीक काळाने जुन्या नोंदीवर नवी चढते. महिन्याने मागितलंत तर हाती काही लागत नाही.

मोठं जहाज बुडालं की यंत्रणा हलते. २०२४ च्या जुलैत ओमानच्या दुक्मजवळ प्रेस्टिज फाल्कन उलटलं, सोळा जणांत तेरा भारतीय. नौदलाची आयएनएस तेग गेली, आठ भारतीय आणि एक श्रीलंकेचा असे नऊ जण वाचले. एकटा माणूस रात्री गेला तर बातमीही होत नाही. तिथे घरच्यांचं पत्रच काय ते बोलतं.

वाशी_से३० | मंगळवार, सकाळी ९:००

माझ्या शेजारच्या मल्याळी काकूंच्या पुतण्याचा ओमानमध्ये दोन आठवडे पत्ता नव्हता. त्यांनी पोलीस, दूतावास काही नाही, पहिला फोन नोर्काला केला. केरळ सरकारने परदेशातल्या आपल्या लोकांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र विभाग काढला, तो नोर्का. त्याचं एक कार्यालय इथेच वाशीत आहे, सेक्टर ३०-ए मध्ये, केरळ हाऊसमध्ये. मी रोज त्या इमारतीवरून स्टेशनला जाते. काकू तिथे गेल्या, त्यांच्या भाषेत बोलल्या, अर्ज त्यांनीच लिहून दिला. मुलगा पुढे इस्पितळात सापडला.

ताईंचं वाचताना सारखं हेच मनात येत होतं. आपल्या माणसाला आपल्या भाषेत "बसा, मी लिहून देतो" म्हणणारी एक खुर्ची मंत्रालयात किंवा कोकण भवनात हवी. कोणी निवेदन देणार असेल तर माझी सही धरा.

दिव्याची_वाट | मंगळवार, सकाळी ९:२५

माझीही.

ठाणे_कोर्ट_वकील | मंगळवार, रात्री ९:४५

दिवसभर कोर्टात होते, आता नीट लिहिते. खाडीकाठची ताई, बँक आणि विम्याचं मी सांगते. ऐकायला कठोर वाटेल.

सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना, ज्यांना ती मिळायला हवी होती, मिळाली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं १११. लोक समजतात की सात वर्षं झाली की दाखला आपोआप मिळतो. मिळत नाही. दिवाणी कोर्टात दावा लावून तशी घोषणा घ्यावी लागते, मग महापालिका नोंद करते. ही सात वर्षं शेवटच्या खबरेपासून मोजायची, म्हणून त्या चाळीस सेकंदांच्या कॉलची नोंद आत्ताच काढून ठेवा. फोन बदलाल, विसराल. मी त्याच्या जाण्याची तयारी करायला सांगत नाहीये. ही तारीख पुढे दहा ठिकाणी लागेल, त्यासाठी सांगते आहे.

आता विमा. त्याची पॉलिसी असेल तर हप्ते थांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या खटल्यात नेमकं हेच सांगितलं. सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, पण तो कधी झाला हे गृहीत धरता येत नाही. बेपत्ता झाल्या दिवशीच वारला असं म्हणून मधले न भरलेले हप्ते माफ होत नाहीत. माझ्याकडे वागळे इस्टेटमधली एक बाई आली होती, आठव्या वर्षी. दुसऱ्याच वर्षी हप्ते थकून पॉलिसी बंद पडलेली. तिला हे सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

खात्यात नॉमिनी असणं म्हणजे फक्त मृत्यूनंतर. त्याच्या हयातीत दुसऱ्याला हात लावता येत नाही. संयुक्त खातं असतं तर सोपं होतं. घराच्या कर्जात भावजय सहकर्जदार आहे का ते पाहा. असेल तर मिसिंगची नोंद आणि मददचा क्रमांक जोडून बँकेकडे हप्त्यांची फेररचना लेखी मागा. खिडकीवर विचारू नका, शाखाधिकाऱ्याच्या नावे पत्र द्या, पोच घ्या. शाळेच्या अर्जावर वडिलांचं नाव लिहायचं, सही आईची, आणि सोबत मिसिंगच्या नोंदीची प्रत. कोणी अडवलं तर मला निरोप करा, मी येते.

एक जुनी गोष्ट. इराकमध्ये मोसुलला २०१४ च्या जूनमध्ये ३९ भारतीय कामगार बेपत्ता झाले. पुराव्याशिवाय मृत म्हणणार नाही, ही सरकारची भूमिका शेवटपर्यंत राहिली. बादूशच्या टेकडीत पुरलेले अवशेष सापडले, घरच्यांच्या डीएनएशी जुळवले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये संसदेत सांगितलं. जवळजवळ चार वर्षं. त्या घरांमधल्या बायकांनी ती कशी काढली असतील, हा प्रश्न मला वकील म्हणून नाही, बाई म्हणून पडतो. आणि तरीही पुराव्याचा तो आग्रह मला बरोबर वाटतो. रशियाच्या सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांचा हिशेब २०२५ च्या जानेवारीत परराष्ट्र खात्याने दिला: ९६ परत, १२ मृत, उरले १८, त्यातले १६ बेपत्ता असं रशियाने कळवलेलं. या सोळा घरांना "बेपत्ता" एवढ्या एका शब्दावर दिवस काढायचे आहेत.

मुंब्रेकर | मंगळवार, रात्री १०:३०

वकील ताई, अल्लाह तुम्हाला बरकत देवो. खाडीकाठची ताई, बीकेसीला विदेश भवन आहे. पासपोर्ट कार्यालय, उत्प्रवास संरक्षकाचं कार्यालय आणि परराष्ट्र खात्याची मुंबईची शाखा, सगळं त्या एकाच इमारतीत. कागद घेऊन स्वतः जा. एकट्या जाऊ नका. गुरुवारी मला सुट्टी आहे, ठाणे स्टेशनला फलाट दोनवर सकाळी साडेनऊला भेटतो. माझी अम्मीही येईल, तुमच्या आईंशेजारी बसायला.

खाडीकाठची | शुक्रवार, रात्री ९:३०

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही.

बुधवारी पोलीस ठाण्यात गेले. काकांनी लिहिलेलं सगळं मराठीत टाइप करून नेलं होतं, यूपीआयच्या पावत्या, ई-मायग्रेटची प्रिंट सोबत. यावेळी ड्युटीवर एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी पूर्ण वाचलं, दोनदा. फसवणूक आणि तस्करीचा गुन्हा दाखल झाला. एजंटाचा गाळा बंद आहे, पण त्याच्या खात्यात त्याच महिन्यात आणखी चार जणांकडून तेवढेच पैसे आले आहेत. त्यातलं एक घर कळव्यातच आहे, माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. त्या मुलाची आई आणि मी एकाच भाजीवालीकडे भाजी घेतो. आम्हाला एकमेकींचं काही माहीत नव्हतं.

यलो नोटिशीच्या अर्जासाठी ओळखीच्या खुणा हव्यात. फोटो, बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी. ऐरोलीच्या आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुन्या फायली चाळून त्याच्या अक्कलदाढेचा एक्स-रे काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी विदेश भवनात गेलो, मुंब्रेकर दादा, त्यांच्या अम्मी, आई, मी आणि त्या दुसऱ्या मुलाची आई. दोन्ही दूतावासांच्या तक्रारींना आता गुन्ह्याचा क्रमांक जोडला आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं की परत आलेल्यांच्या जबाबांत पाहिलेल्या माणसांची वर्णनं असतात, पोलिसांनी ती मागवावीत. उद्या ते पत्र द्यायचं आहे. घणसोलीकर दादा, नेमणुकीचं पत्र पाठवलंय, बघा. वकील ताई, पॉलिसीचे दोन हप्ते थकले होते, भावजयीने भरले.

परतताना गाडीत अम्मी आणि आई शेजारी बसल्या होत्या. आईने चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कांजूरमार्गपर्यंत बोलत होती.

काका, नंबरचं तुम्ही लिहिलंत. आई दर अठ्ठावीस दिवसांनी त्याचा रिचार्ज करते, पहिल्या महिन्यापासून, आम्हाला न सांगता. कॅलेंडरवर त्या तारखांना तिने हळदीचं बोट लावलंय. काल तारीख होती. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने तो केला.